सुदानहून रस्त्याने परत : इन्सुलिन, पाणी आणि उशिरा आलेला ताप

सोलापूर जिल्ह्यात साखर कारखाने किती आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडचे बॉयलर अटेंडंट, फिटर, पॅनमन यांना आफ्रिकेतल्या साखर कारखान्यांतही मागणी असते, हे मात्र शहरातल्या लोकांना फारसं ठाऊक नसतं. सुदानमध्ये नाईलच्या पाण्यावर मोठी ऊसशेती आहे. खार्तूमच्या दक्षिणेला, राबाक गावाजवळ केनाना नावाचा प्रचंड कारखाना आहे. एप्रिल २०२३ मध्ये तिथे युद्ध पेटलं तेव्हा आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातली बरीच माणसं याच भागात अडकली होती. वर्तमानपत्रांत त्याच्या बातम्या आल्या होत्या.

माझे एक पेशंट त्याच सुमारास सुदानमधल्या एका साखर कारखान्यात कामाला होते. वय अठ्ठेचाळीस, माढा तालुक्यातले. दहा वर्षांपासून मधुमेह आणि त्यातली तीन वर्षं इन्सुलिनवर. (साखर तयार करणाऱ्यालाच साखरेचा आजार, हा विनोद ते स्वतःच करतात, म्हणून इथे लिहितो.) ते सुदानमधून रस्त्याने समुद्रापर्यंत कसे आले आणि त्या प्रवासात औषधपाण्याचं काय झालं, हे त्यांच्या परवानगीने, त्यांची ओळख लपवून सांगणार आहे. परदेशी जाणाऱ्यांना ते उपयोगी पडेल. इथल्या मे महिन्यात एसटीने गावी जाणाऱ्या मधुमेहींनाही त्यातलं बरंच लागू पडेल.

आधी थोडी पार्श्वभूमी. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानचं लष्कर आणि ‘रॅपिड सपोर्ट फोर्सेस’ हे निमलष्करी दल यांच्यात खार्तूममध्ये लढाई सुरू झाली. विमानतळ पहिल्याच दिवशी बंद पडला. म्हणजे देशाबाहेर पडायचं तर रस्त्याने तांबड्या समुद्रावरचं पोर्ट सुदान बंदर गाठायचं. खार्तूमपासून हे अंतर साधारण साडेआठशे किलोमीटर. राबाककडून सेन्नार, गेदारेफ, कसाला असं वळसा घालून गेलं तर त्याहून बरंच जास्त. भारत सरकारने २४ एप्रिलला ‘ऑपरेशन कावेरी’ सुरू केलं. दुसऱ्या दिवशी आयएनएस सुमेधा ही युद्धनौका २७८ जणांना घेऊन पोर्ट सुदानहून जेद्दाहकडे निघाली. ५ मेपर्यंत ही मोहीम चालली आणि ३,८६२ माणसं बाहेर आली. बोटीचे आणि विमानाचे फोटो आपण सगळ्यांनी पाहिले. पण त्या बंदरापर्यंतचा बसचा प्रवास हाच सगळ्यात अवघड भाग होता, आणि डॉक्टर म्हणून मला त्याचंच जास्त महत्त्व वाटतं.

लढाई सुरू होऊन आठवडा झाला असेल. पेशंटच्या पत्नी मुलाला घेऊन दवाखान्यात आल्या. हातात फोन आणि फोनवर एक व्हॉइस मेसेज. नेटवर्क दिवसातून एखाद-दोनदाच मिळायचं, त्यामुळे बोलणं असंच तुकड्यातुकड्यांत चालू होतं. “साहेबांना विचार, लाईट नाही, फ्रिज बंद पडलंय. इन्सुलिनच्या दोन बाटल्या हायत, खराब झाल्या का काय? टाकून द्यायच्या का? आन् बस मिळाली तर दोन दिवस जेवणाचा पत्ता नसंल, मग सुई घ्यायची का नको?” चार वाक्यांत त्यांनी सगळे महत्त्वाचे प्रश्न विचारून टाकले होते. मी सेकंडभर मनात म्हटलं, बरेच सुशिक्षित पेशंट इतके नेमके प्रश्न विचारत नाहीत.

पहिला प्रश्न : फ्रिज बंद पडला की इन्सुलिन वाया जातं का? नाही. न उघडलेल्या बाटल्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या हा नियम योग्यच आहे, आणि फ्रिज असेल तर तो पाळायचाच. पण फ्रिज नसेल तर इन्सुलिन त्याच दिवशी निकामी होत नाही. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था आणि जिनिव्हा विद्यापीठ यांनी उत्तर केनियातल्या दादाब निर्वासित छावणीत घराघरांतलं तापमान दिवसभर कसं वरखाली होतं ते मोजलं. मग तसंच २५ ते ३७ अंशांमध्ये चढउतार होणाऱ्या तापमानात इन्सुलिन चार आठवडे ठेवून तपासलं. त्याची ताकद टिकून होती. २०२१ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. आफ्रिकेतल्या हजारो मधुमेही निर्वासितांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे, कारण त्याआधी घरी फ्रिज नाही म्हणून माणसाला दिवसातून दोनदा दवाखान्यापर्यंत चालत जावं लागायचं.

अडचण आहे ती ३७ अंशांच्या वर. एप्रिलमध्ये सुदानचं तापमान आपल्या सोलापूरसारखंच चाळिशीच्या आसपास असतं, आणि उन्हात उभ्या असलेल्या बसच्या डॅशबोर्डवर ते त्याहून कितीतरी जास्त. तेव्हा आपली आजी जे करायची तेच करायचं : माठ. सुदानमध्ये माठाला ‘जीर’ म्हणतात. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली किंवा मशिदीबाहेर वाटसरूंसाठी पाण्याचे जीर भरून ठेवण्याची तिथे जुनी पद्धत आहे, आपल्या पाणपोईसारखीच. मी निरोप पाठवला : बाटल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधा, म्हणजे पाणी लागणार नाही, आणि पिशवी जीरमध्ये किंवा ओल्या वाळूत ठेवलेल्या लहान मडक्यात ठेवा. प्रवासात तीच पिशवी ओल्या टॉवेलात गुंडाळा आणि टॉवेल वाळू देऊ नका. वारा लागेल अशी धरा, कारण पाण्याची वाफ होताना जो थंडावा मिळतो त्यावरच हे सगळं चालतं. हवा कोंडलेल्या डब्यात ओला टॉवेल ठेवून उपयोग नाही. सामानाच्या डिकीत ठेवू नका, अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. बर्फ मिळालाच तर बाटली थेट बर्फात खुपसू नका. गोठलेलं इन्सुलिन कायमचं निकामी होतं, उन्हाने होतं त्यापेक्षाही खात्रीने.

इन्सुलिन बिघडलंय हे ओळखायचं कसं? नुसतं पाण्यासारखं असणारं इन्सुलिन गढूळ झालं तर टाकून द्यायचं. त्यांच्याकडचं होतं ते मिश्र, म्हणजे मुळातच दुधाळ. ते तळहातांमध्ये हळूच फिरवल्यावर एकसारखं दुधाळ दिसलं पाहिजे. गुठळ्या दिसल्या, किंवा काचेला आतून पांढरे कण चिकटून राहिले, तर ते वापरू नये. आणि सगळ्यात खरी परीक्षा म्हणजे ग्लुकोमीटर. डोस तोच, खाणं तेच, आणि साखर मात्र रोज चढत चालली असेल तर बाटलीवर संशय घ्यायला हरकत नाही. (ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांनाही ऊन आणि ओल चालत नाही, हे सहसा कुणी सांगत नाही. पट्ट्यांचा डबा त्या ओल्या टॉवेलात गुंडाळू नका.)

दुसरा प्रश्न जास्त नाजूक होता : जेवणाची खात्री नसताना सुई घ्यायची का? याचं उत्तर प्रत्येक पेशंटसाठी वेगळं असतं, त्यामुळे मी त्यांना सांगितलेले आकडे इथे देत नाही. तत्त्व सांगतो. टाइप १ मधुमेह असलेल्याने, म्हणजे सहसा लहान वयात सुरू होतो त्या प्रकारात, इन्सुलिन पूर्ण बंद करायचंच नाही. एक दिवससुद्धा नाही. पोटात अन्न नसलं तरी शरीराला थोडं मूळचं इन्सुलिन लागतंच. ते न मिळाल्यास रक्तात आम्ल साठतं आणि माणूस दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. टाइप २ मध्ये थोडी सवड असते. पण मिश्र इन्सुलिनमध्ये जेवणाचा भाग मिसळलेला असतो, आणि तो टोचून जेवण मिळालं नाही तर साखर एकदम खाली येते. चेकपोस्टवर रायफल घेतलेल्या पोरासमोर घाम फुटून, जीभ अडखळून, अर्धवट शुद्धीत बोलायची वेळ यावी यासारखा धोका नाही. म्हणून त्यांच्या बाबतीत प्रवासाच्या दिवसांपुरता डोस कमी केला, आणि जेवण प्रत्यक्ष समोर आल्यावरच सुई घ्यायची असं ठरवलं. साखर दोन दिवस अडीचशेच्या आसपास राहिली तरी चालेल. सत्तरच्या खाली मात्र जाता कामा नये. खिशात साखरेच्या पुड्या आणि खजूर. घाम, थरथर, धडधड सुरू झाली की तीन चमचे साखर पाण्यातून आधी, खजूर नंतर. कारण खजुराची साखर चढायला वेळ लागतो. आणि शेजारच्या सीटवरच्या माणसाला हे सगळं सांगून ठेवायचं. आजार लपवून प्रवास करू नका हे मी इथेही सांगतो आणि लोक इथेही ऐकत नाहीत.

बस शेवटी मिळाली, एप्रिलच्या अखेरीस. डिझेलचा भाव कितीतरी पटींनी चढलेला. प्रवास दीड दिवस चालला. जागोजागी नाके, प्रत्येक नाक्यावर उतरवून सामानाची झडती. एका ठिकाणी बाटली आणि सिरिंज पाहून त्यांना बाजूला काढलं. तेव्हा उपयोगी पडलं ते कारखान्याच्या दवाखान्याने इंग्रजी आणि अरबीत लिहून दिलेलं पत्र : या माणसाला मधुमेह आहे, हे त्याचं औषध आहे. असं पत्र परदेशी जाणाऱ्या प्रत्येक रुग्णाजवळ असावं, आणि त्यात औषधाचं मूळ नाव लिहिलेलं असावं. आपल्याकडच्या कंपनीने ठेवलेलं नाव कसालाच्या मेडिकल दुकानात कोण ओळखणार? मेटफॉर्मिन म्हटलं की जगात कुठेही कळतं.

पाण्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण अशा प्रवासात गोळीपेक्षा जास्त माणसं पाण्यावाचून आजारी पडतात. बसमध्ये स्वच्छतागृह नाही, बाहेर उतरायची भीती. म्हणून लोक, विशेषतः बायका, पाणीच पीत नाहीत. आपल्याकडेही सोलापूर-पुणे प्रवासात हेच चालतं. चाळीस अंशांच्या उन्हात दीड दिवस पाणी न पिता बसलं की रक्त घट्ट होतं, लघवीला जळजळ सुरू होते, मूतखडा असलेल्याला कळ येते, आणि मधुमेहीची साखर आणखी चढते. त्यातून पायाची हालचाल नसेल तर पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. यावर उपाय साधा आहे : लघवीचा रंग पाहा. फिकट पिवळी असेल तर ठीक; चहासारखी गडद झाली की पाणी कमी पडतंय. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मधुमेहींनी त्यातली साखर पाहून घाबरू नये. जुलाबात ते पाणी त्यांनाही लागतंच. पण लघवी वाढवणारी ब्लडप्रेशरची गोळी, किंवा लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी मधुमेहाची नव्या प्रकारची गोळी चालू असेल, तर अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती थांबवावी लागते. निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारून ठेवा की अशा वेळी कुठली गोळी थांबवायची आणि कुठली काही झालं तरी थांबवायची नाही.

त्या ‘थांबवायची नाही’ यादीत फिटची औषधं अगदी वर येतात. हे लिहिताना आपल्या गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आठवतात. १९३८ मध्ये भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं, त्यातले ते एक. जपानी आक्रमणाने पेटलेल्या प्रदेशातून मजल दरमजल करत हे पथक फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचलं. पुढे आघाडीवर शस्त्रक्रिया करत असताना कोटणीसांना अपस्माराचे झटके येऊ लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी त्यातच त्यांचं निधन झालं. वय अवघं बत्तीस. भैय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकात मुलांना घेऊन जातो तेव्हा मी त्यांना हे आवर्जून सांगतो, की ते गोळी लागून गेले नाहीत. युद्धाच्या प्रदेशात माणसं अशा नेहमीच्या आजारांनीही जातात, कारण झोप नाही, जेवण नाही, आणि औषध तर नाहीच नाही.

आमचे पेशंट मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात जेद्दाहमार्गे मुंबईला उतरले. त्यांच्याकडे पिवळं कार्ड होतं, म्हणजे यलो फीवरची लस घेतल्याचं प्रमाणपत्र, त्यामुळे त्यांना थेट घरी सोडलं. सगळ्यांचं तसं झालं नाही. सुदानहून आलेल्यांपैकी शंभराहून अधिक लोकांना लस घेतली नाही म्हणून विमानतळावरूनच विलगीकरणात नेलं. जीव वाचवून आलेल्या माणसांना असं अडवणं अनेकांना निष्ठुर वाटलं, पण माझ्या मते ते बरोबर होतं. यलो फीवर भारतात आजवर नाही. तो पसरवणारा एडिस डास मात्र आपल्या घरोघरी आहे, तोच तो डेंग्यूवाला. एक रुग्ण आला आणि त्याला इथला डास चावला तर काय होईल याची कल्पना करा. ही लस फक्त सरकारने नेमलेल्या केंद्रांवरच मिळते; आपल्याकडचे लोक साधारणपणे पुणे-मुंबई गाठतात. प्रमाणपत्र लस घेतल्यापासून दहा दिवसांनी लागू होतं आणि २०१६ पासून ते आयुष्यभर चालतं. विमानाच्या आदल्या दिवशी लस घेऊन उपयोग नाही.

खरा धोका अजून पुढे होता. घरी आल्यावर साधारण दोन आठवड्यांनी त्यांना थंडी वाजून ताप आला. जवळच्या एका दवाखान्यात दाखवलं. व्हायरल असेल म्हणून तीन दिवस गोळ्या झाल्या. मग पेशी कमी दिसल्या म्हणून डेंग्यू असेल असं ठरलं. कुठून आलात हे कुणी विचारलं नाही, आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांच्या दृष्टीने तो प्रवास संपलेला होता. चौथ्या दिवशी पत्नी त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या तेव्हा डोळे पिवळसर, बोलणं संथ, आणि साखर ५८. इन्सुलिनचा डोस नेहमीचाच चालू होता. मला त्या पिवळसर डोळ्यांपेक्षाही त्या ५८ ची जास्त धास्ती वाटली. रक्ताचा नमुना काचेवर घेऊन पाहिला : फॅल्सिपेरम मलेरिया, आणि जंतूंची संख्या भरपूर.

आपल्याकडे दिसणारा मलेरिया बहुतेकदा व्हायवॅक्स जातीचा, त्रासदायक पण सहसा जीव न घेणारा. आफ्रिकेतला बहुतांश मलेरिया फॅल्सिपेरमचा. तो मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसं यांवर काही तासांत उतरू शकतो. तो रक्तातली साखरही खाली आणतो, त्यामुळे इन्सुलिनवरच्या रुग्णाला दुहेरी धोका. त्यांना लगेच भरती करून आर्टिसुनेटची इंजेक्शनं सुरू केली, इन्सुलिन थांबवलं, ग्लुकोज लावलं, दर दोन तासांनी साखर पाहिली. पहिल्या रात्री त्यांना आपण कुठल्या गावात आहोत हे सांगता येईना. ते मुलाला विचारत होते की बस कसालाला किती वाजता पोहोचेल. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ताप उतरू लागला. तिसऱ्या दिवशी त्यांनी चहा मागितला, आणि त्यात साखर का नाही म्हणून तक्रार केली. घरी सोडण्यापूर्वी तोंडाने घ्यायच्या गोळ्यांचा कोर्स आणि प्रायमाक्विनचा एक डोस दिला. हा एक डोस बरंचसं गावासाठी असतो : रुग्णाच्या रक्तातून डासात जाऊ शकणारे जंतू त्याने मरतात.

आफ्रिकेत राहताना मलेरिया टाळायच्या गोळ्या घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावं. डॉक्सिसायक्लिन किंवा मेफ्लोक्विन घेत असाल तर परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवावं लागतं, कारण जंतू आधी यकृतात दडून बसतात आणि मग रक्तात येतात. बहुतेक लोक विमानात बसले की गोळी सोडतात. आणि पळून आलेल्या माणसांच्या सामानात त्या गोळ्या असतीलच असंही नाही. म्हणून परतल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, तर दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य हेच असलं पाहिजे : “मी अमुक तारखेला आफ्रिकेतून आलोय, माझी मलेरियाची तपासणी करा.” डॉक्टरांनी विचारायची वाट पाहू नका. पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप चालूच असेल तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा करायला सांगा.

ज्या देशात ते काम करत होते तिथली लढाई अजून पूर्ण शमलेली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये वाद मदनी हे मोठं शहरही पडलं, आणि खार्तूममधून जीव वाचवून जे लोक तिथे आसऱ्याला आले होते त्यांना पुन्हा रस्त्यावर यावं लागलं. त्यांच्यासाठी जेद्दाहला जाणारी नौका नव्हती. आमच्या पेशंटबरोबर कारखान्यात काम करणारा एक सुदानी फिटर, तोही मधुमेही. बसमध्ये बसण्यापूर्वी आमच्या माणसाने आपल्या दोन बाटल्यांपैकी न उघडलेली त्याला दिली होती. हे त्यांनी मला भरती असताना सांगितलं, डॉक्टर रागावतील का या बेताने. मी विचारलं, जीर होता का त्याच्याकडे? “होता की,” ते म्हणाले, “त्यानंच तर मला दाखवलं कुठं ठेवायचं ते.”